घटक ७ : व्यक्तिगत संगणकातील अंगभूत कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मराठीचा अभ्यासक

७.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्या संगणकात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कोणत्या सुविधा मुळातच बसवलेल्या आहेत, हे तुम्हाला शोधता येईल. त्यांपैकी मराठी लेखनाला उपयोगी पडणाऱ्या सुविधा सुरू करता येतील. एखादी सुविधा सुरू करताना आपण कशाला संमती देत आहोत, हे सांगता येईल आणि जी सुविधा नको ती बंद ठेवण्याची कारणेही देता येतील.

७.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण युनिकोड आणि देवनागरी कळफलक यांचा परिचय करून घेतला. तेथे संगणक हे केवळ लेखनाचे साधन होते. तुम्ही जी कळ दाबाल तेच अक्षर तो उमटवीत होता. गेल्या काही वर्षांत हे चित्र बदलले आहे. ४ जानेवारी २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज संगणकांच्या कळफलकावर ‘कोपायलट’ नावाची एक नवी कळ येणार असल्याचे जाहीर केले. विंडोजच्या कळेनंतर सुमारे तीन दशकांनी कळफलकात झालेला हा पहिला मोठा बदल होता. संगणकाशी बोलावे, त्याला विचारावे, त्याच्याकडून लिहून घ्यावे, हा व्यवहार आता संगणकाच्या रचनेतच गृहीत धरला जाऊ लागला आहे.

साहजिकच दुकानात गेल्यावर ‘एआय संगणक’ घ्या, असा आग्रह होतो. तुमच्यापैकी अनेक जण नोकरी, शेती, घरकाम सांभाळून शिकत आहात. नवा संगणक घेणे म्हणजे बहुधा हप्ते आले. म्हणून या घटकातील महत्त्वाचे विधान आरंभीच करतो. मराठीच्या विद्यार्थ्याला आज सर्वांत उपयोगी पडणारी सुविधा विंडोज ११ चालणाऱ्या साध्या संगणकातही आहे. आणि ज्या सुविधांसाठी महाग संगणक विकला जातो, त्यांपैकी बहुतेकींना मराठी येत नाही. या विधानाची कारणे पुढे येतील.

७.३ ‘अंगभूत’ म्हणजे नेमके काय?

‘अंगभूत’ या शब्दाचा बोलीभाषेतील अर्थ सरळ आहे : जे मूळ वस्तूबरोबरच येते, वेगळे आणावे लागत नाही, ते. संगणकाच्या संदर्भात मात्र या एका शब्दाखाली दोन भिन्न गोष्टी येतात आणि विक्रेता त्यांतील भेद सहसा सांगत नाही.

पहिल्या प्रकारात सुविधेचे बटण तुमच्या संगणकात असते, पण काम दुसरीकडे होते. तुमचा आवाज किंवा मजकूर इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकांकडे जातो, तेथे त्यावर प्रक्रिया होते आणि उत्तर परत येते. दुसऱ्या प्रकारात सगळे काम तुमच्याच यंत्रात होते. त्यासाठी यंत्रात पुरेशी ताकद हवी. मायक्रोसॉफ्टने २० मे २०२४ रोजी ‘कोपायलट प्लस पीसी’ हा संगणकांचा नवा वर्ग जाहीर केला, त्याच्या किमान अटी पाहिल्या म्हणजे ही ताकद किती याचा अंदाज येतो : १६ गिगाबाइट स्मृती, २५६ गिगाबाइट साठवण आणि सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करू शकणारा ‘न्यूरल प्रोसेसिंग युनिट’ हा स्वतंत्र भाग. त्याला संक्षेपाने एनपीयू म्हणतात.

तुमच्या संगणकात तो आहे का, हे पाहणे सोपे आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यातील ‘परफॉर्मन्स’ या भागात सीपीयू, मेमरी वगैरे नावांच्या रांगेत एनपीयू हे नाव दिसले तर तो आहे. दिसले नाही तर वाईट वाटून घेण्याचे कारण नाही.

एखादी सुविधा कोणत्या प्रकारात मोडते, हे ओळखण्याची एक घरगुती कसोटी सांगतो. इंटरनेट बंद करा आणि ती सुविधा वापरून पाहा. विंडोजमधील ‘लाइव्ह कॅप्शन्स’, म्हणजे ध्वनिफितीतील बोलणे पडद्यावर अक्षरांत दाखवणारी सुविधा, तिची भाषा-फाइल एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेटवाचून चालते. आवाजी टंकलेखन मात्र तत्काळ थांबते. कसोटीची मर्यादाही ध्यानात ठेवा : इंटरनेटशिवाय न चालणारी सुविधा तुमचा मजकूर बाहेर पाठवते, एवढे तिच्यावरून बहुधा म्हणता येते, उलट दिशेचा निष्कर्ष तितका पक्का नसतो. त्यासाठी सुविधेची माहिती देणारा मजकूर वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न १ : तुमच्या संगणकातील किंवा अभ्यासकेंद्रातील संगणकातील कोणत्याही एका सुविधेवर वरील कसोटी लावा. काय आढळले, ते तीन वाक्यांत लिहा.

७.४ मराठी आवाजी टंकलेखन सुरू करणे

कृती सोपी आहे, पण क्रम चुकला की मराठी उमटत नाही. प्रथम संगणकाला मराठी ही तुमची एक भाषा आहे हे सांगावे लागते. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, त्यात ‘लँग्वेज अँड रीजन’ आणि तेथे ‘ॲड अ लँग्वेज’ असे जा. यादीत ‘मराठी’ शोधून ती जोडा. हे एकदाच करायचे आहे. त्यानंतर विंडोज कळ दाबून ठेवून स्पेसबार दाबला की इंग्रजी आणि मराठी यांत अदलाबदल होते. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात कोणती भाषा चालू आहे ते दिसते. आता जेथे लिहायचे आहे तेथे कर्सर ठेवा, मराठी निवडा आणि विंडोज कळेसह ‘एच’ दाबा. ध्वनिग्राहकाचे चिन्ह असलेली छोटी पट्टी उघडेल. बोला. पट्टी उघडली पण शब्द उमटत नसतील, तर बहुधा ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मधील ‘मायक्रोफोन’ची परवानगी बंद असते, किंवा निवडलेली भाषा अजून इंग्रजीच असते.

विंडोज १० मधील आवाजी टंकलेखनात मराठी नव्हती. त्या प्रणालीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हा जुना संगणक विंडोज ११ वर नेता येत असेल तर तेवढे करावे. केवळ आवाजी टंकलेखनासाठी एनपीयू असलेला संगणक घेण्याची गरज नाही.

ज्यांची बोटे कळफलकावर अडखळतात, ज्यांची दृष्टी मंदावली आहे, ज्यांना दिवसभराच्या कामानंतर गृहपाठाचा कच्चा मजकूर तासाभरात उतरवायचा आहे, त्यांच्यासाठी ही सुविधा खरोखर मोलाची आहे. परंतु तिने दिलेला मजकूर हा कच्चा मजकूर असतो. तो तपासताना साध्या टंकदोषांपेक्षा वेगळ्या जागी नजर ठेवावी लागते. हाताने लिहिताना चुकलेला शब्द बहुधा अर्थहीन दिसतो आणि डोळ्यांना खटकतो. यंत्र मात्र अर्थहीन शब्द क्वचितच लिहिते. ते चुकते तेव्हा एक शुद्ध शब्द काढून तेथे दुसरा शुद्ध शब्द ठेवते. म्हणून चूक लपते.

‘आचार्यांना जेवायला वाढा’ आणि ‘आचाऱ्यांना जेवायला वाढा’ ही दोन वाक्ये घ्या. पहिल्यात गुरुजन जेवत आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. उच्चारातला हा भेद मराठीत अर्थभेदक आहे आणि लिपीत त्यासाठी स्वतंत्र चिन्हही आहे. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘शिर’ आणि ‘शीर’ या जोड्यांत तर अनेकांच्या बोलण्यात फरक राहिलेलाच नाही. तो केवळ लेखनात आणि संदर्भात उरला आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम (१९६२ चे १४ आणि १९७२ मध्ये जोडलेले ४) तुम्ही पहिल्या वर्षी अभ्यासले आहेत. आवाजी टंकलेखनाने ते नियम कालबाह्य झाले, असे कोणी म्हणत असेल तर त्याने या जोड्या यंत्राला सांगून पाहाव्यात.

७.५ बोली आणि यंत्र

लोकसाहित्य किंवा बोलीअभ्यास या विषयांवर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा.

आवाज ओळखणारे यंत्र ध्वनी जसाच्या तसा टिपून घेत नाही. ऐकलेल्या ध्वनीशी सर्वांत जवळचा आणि आगेमागे असलेल्या शब्दांशी जुळणारा, त्याच्या परिचयाचा शब्द ते निवडते. ज्या मजकुरावर ते घडवले गेले, त्यात प्रमाणभाषेचा वाटा मोठा असतो. त्यामुळे बोलीतील रूप समोर आले की ते प्रमाण रूपाकडे ढकलले जाण्याचा धोका राहतो. मालवणीतील ‘माका’ या सर्वनामाच्या जागी ‘मका’ उमटला तर हसू तरी येईल आणि चूक सापडेल. वऱ्हाडी निवेदक ‘मी जाऊन राह्यलो’ म्हणाला आणि कागदावर ‘मी जाऊन राहिलो’ असे सुबक वाक्य आले, तर काहीच खटकणार नाही. वास्तविक पहिल्या वाक्याचा अर्थ ‘मी जात आहे’ असा आहे; दुसरे वाक्य प्रमाण मराठीच्या वाचकाला ‘तेथे जाऊन मुक्काम केला’ असे सांगते. क्रियापदाचा काळ बदलला, अर्थ बदलला आणि ज्या रूपासाठी तुम्ही त्या गावी गेला होता ते रूपच गेले.

आजींनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण असेल, तर ते यंत्राला ऐकवून लेखी संहिता तयार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. संहिता कानांनी ऐकून हातानेच उतरवावी. वेळ लागेल, पण बोलीच्या अभ्यासात तेवढा वेळ हाच अभ्यास असतो. शिवाय येथे दुसराही प्रश्न आहे. आवाजी टंकलेखन हे इंटरनेटवरून चालते, हे आपण पाहिले. तुमचा आवाज कंपनीकडे जाऊ द्यायचा की नाही, हे तुम्ही ठरवू शकता. आजींचा आवाज त्यांना न विचारता तिकडे पाठवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिलेला नाही.

७.६ बहुतेक सुविधांना मराठी का येत नाही?

याचे एक कारण बाजारपेठेचे आहे; ते उघड असल्याने त्यावर अधिक लिहीत नाही. दुसरे कारण भाषेच्या घडणीत आहे आणि ते तुम्हा मराठीच्या विद्यार्थ्यांना इतरांपेक्षा लवकर समजेल.

‘विद्यापीठ’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये त्याचे नऊ घटक होतात, कारण व, इकार, द, हलन्त, य, काना, प, दीर्घ ईकार आणि ठ हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. साठवणीच्या सर्वाधिक प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात; म्हणजे एकूण सत्तावीस. इंग्रजीत ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द दहा अक्षरांचा आहे आणि त्याला दहाच बाइट पुरतात. भाषेचे प्रतिमान मजकुराचे तुकडे करून ते वाचते आणि कोणते तुकडे करायचे हे त्याला पूर्वी किती मजकूर दाखवला गेला यावर ठरते. इंग्रजीचा नेहमीचा शब्द पुष्कळदा एका तुकड्यात बसतो. मराठी शब्दाचे अनेक तुकडे होतात.

त्यात आपली सामान्यरूपे आणि प्रत्यय! घर, घरासमोर, घरासमोरचा, घरासमोरच्यांना, घरासमोरच्यांनासुद्धा. आपल्या दृष्टीने हा एकच शब्द वाढत गेला. ज्याने मराठी थोडीच पाहिली आहे त्या यंत्राला यांतील शेवटचे रूप क्वचितच भेटलेले असते. घरगुती संगणकात मावेल असे लहान प्रतिमान तयार करताना जागा मर्यादित असते, आणि मग थोड्याच भाषा निवडल्या जातात.

निवड कशी झाली ते पाहा. ॲपलने आपल्या मॅक संगणकांसाठी ‘ॲपल इंटेलिजन्स’ ही सुविधा ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रथम अमेरिकी इंग्रजीतून दिली. एम१ किंवा त्यानंतरचा प्रक्रियक असलेल्या मॅकमध्ये ती ‘सिस्टिम सेटिंग्ज’मधून सुरू करता येते. २०२५ च्या वसंतात तिच्यात फ्रेंच, जर्मन, जपानी, कोरियन अशा भाषा आल्या. भारतासाठी आली ती भारतीय इंग्रजी. विंडोजमधील ‘रिकॉल’ ही सुविधा एप्रिल २०२५ मध्ये आली तेव्हा ती इंग्रजी, चिनी, फ्रेंच, जर्मन, जपानी आणि स्पॅनिश या सहा भाषांसाठी सज्ज केलेली होती. या दोन्ही याद्यांत मराठी नव्हती. अशा याद्या वाढत असतात. म्हणून संगणक खरेदी करण्यापूर्वी त्या दिवशीची यादी स्वतः पाहावी आणि विक्रेत्याला ‘मराठीत करून दाखवा’ असे निःसंकोच म्हणावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न २ : ‘क्षितिजापलीकडच्यांनाही’ या शब्दातील मूळ शब्द, सामान्यरूप व प्रत्यय वेगळे करा. युनिकोडच्या हिशेबाने त्याचे किती घटक होतात, ते मोजा.

७.७ ‘रिकॉल’ : सुरू करावे की नाही?

आता अशा सुविधेकडे वळू, जिच्याबाबत ‘कसे सुरू करावे’ यापेक्षा ‘सुरू करावे का’ हा प्रश्न मोठा आहे. रिकॉल ही कोपायलट प्लस पीसी वर्गातील संगणकांची सुविधा. ती सुरू केली की संगणक काही सेकंदांच्या अंतराने तुमच्या पडद्याची चित्रे घेऊन साठवतो. पंधरा दिवसांपूर्वी कोठेतरी वाचलेला परिच्छेद आठवत नसेल, तर दोन शब्द सांगून तो पुन्हा शोधता यावा, हा हेतू. चित्रे तुमच्याच यंत्रात राहतात, हेही खरे.

मे २०२४ मध्ये तिची घोषणा झाली तेव्हा सुरक्षातज्ज्ञांनी दाखवून दिले की, चित्रांतून काढलेला मजकूर संगणकात पुरेशा संरक्षणाविना ठेवला जात होता. टीका इतकी झाली की जूनमध्ये कंपनीने सुविधा पुढे ढकलली. सुमारे दहा महिन्यांनी ती आली ती बदललेल्या रूपात : वापरकर्त्याने स्वतः होकार दिल्याखेरीज सुरू न होणारी, साठा सांकेतिक रूपात ठेवणारी, आणि उघडण्यासाठी चेहऱ्याची किंवा बोटाच्या ठशाची ओळख मागणारी. वापरकर्त्यांनी आणि तज्ज्ञांनी वेळीच हरकत घेतली म्हणून वस्तू सुधारली, याचे हे चांगले उदाहरण आहे.

ती सुरू वा बंद करण्याची जागा ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मधील ‘रिकॉल अँड स्नॅपशॉट्स’ ही आहे. तेथे चित्रे साठवणे थांबवता येते, साठलेली पुसता येतात, काही अनुप्रयोग व संकेतस्थळे वगळता येतात. संकेतशब्द किंवा कार्डाचे क्रमांक यांसारखी माहिती गाळण्याची सोयही आहे.

हे सर्व मान्य करूनही दोन गोष्टींचा विचार करा. आपल्याकडे एक संगणक आणि एकच खाते सगळे घर वापरते. भाऊ बँकेचे काम करतो, मुलगी मैत्रिणीशी बोलते, आई दवाखान्याचा अहवाल उघडते. होकार एकाने दिलेला असतो आणि पडदा सगळ्यांचा टिपला जातो. दुसरी गोष्ट, तुमच्या पडद्यावर केवळ तुमचा मजकूर नसतो. ज्याने तुम्हाला विश्वासाने पत्र लिहिले, त्याचाही असतो. याच कारणाने ‘सिग्नल’ या संदेशसेवेने मे २०२५ मध्ये आपल्या विंडोज आवृत्तीत पडद्याचे असे चित्र घेतले जाऊ नये, अशी तजवीज केली. कुटुंबाच्या सामायिक संगणकावर ही सुविधा बंदच ठेवावी. निदान प्रत्येकाचे खाते वेगळे केल्याखेरीज तिला हात लावू नये.

७.८ ‘होकार’ या शब्दाचा अर्थ

सुविधा सुरू करताना समोर एक चौकट येते आणि तिच्या तळाशी होकाराचे बटण असते. वरचा मजकूर न वाचता ते दाबण्याची सवय आपल्या सर्वांच्या अंगी आहे. भारताच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने संमतीची जी लक्षणे सांगितली आहेत ती भाषेच्या विद्यार्थ्याने मुळातून पाहण्यासारखी आहेत : संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाशर्त आणि निःसंदिग्ध असली पाहिजे. मौन म्हणजे संमती, हे येथे चालत नाही. स्पष्ट होकारार्थी कृती हवी. दिलेली संमती मागेही घेता येते.

याच कायद्यात संमतीची विनंती साध्या, सुबोध भाषेत असावी आणि ती इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय असावा, अशी तरतूद आहे. त्या अनुसूचीतील बावीस भाषांत मराठी आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमतीविषयीच्या तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. म्हणजे हजारो चौकटींतला मजकूर मराठीत आणावा लागणार आहे. तो कोण लिहिणार? ‘प्रक्रियाकरणास्तव संकलित विदेचे हस्तांतरण’ अशा मराठीत तो आला तर अधिकार कागदावर राहील. ‘तुमचा आवाज आमच्या संगणकाकडे पाठवला जाईल’ असे जो लिहू शकेल, त्याची गरज भासणार आहे, आणि ते काम मराठीच्या पदवीधराचे आहे.

७.९ स्वाध्याय

१. सुमारे शंभर शब्दांचा एखादा परिच्छेद आवाजी टंकलेखनाने उतरवा. झालेल्या चुकांचे ‘अर्थहीन शब्द’ आणि ‘चुकीच्या जागी आलेला शुद्ध शब्द’ असे दोन गट करा. कोणता गट मोठा निघाला, आणि का?

२. तुमच्या परिसरातील बोलीची पाच वाक्ये प्रथम हाताने लिहा, नंतर स्वतःच्या आवाजात यंत्राला सांगा. दोन्ही संहिता शेजारी ठेवून बदललेली रूपे अधोरेखित करा.

३. तुमच्या संगणकावरील किंवा भ्रमणध्वनीवरील कोणत्याही एका सुविधेची संमती-चौकट निवडा. तिचा आशय, सातवीपर्यंत शिकलेल्या वाचकाला एकदा वाचून कळेल अशा मराठीत, साठ शब्दांत लिहा. घरातील एका व्यक्तीला तो वाचायला द्या. तिने होकार दिला की नकार, आणि कोणत्या शब्दाशी ती थांबली, याची नोंद उत्तरपत्रिकेसोबत जोडा.